नोकरी करता करता सीए, सीएमए की आणखी काही? आधी हा हिशेब मांडा

बी.कॉम. होऊन तीन-चार वर्षं झाली. एमआयडीसीतल्या कंपनीत किंवा एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन असं सगळं हाताखालून गेलं. पगार पंचवीस-तीस हजारांवर येऊन थबकलाय आणि वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नावापुढे सीए (चार्टर्ड अकाउंटंट) किंवा सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) आहे. अशा वेळी बहुतेक जण विचारतात, "कुठला कोर्स चांगला?" या प्रश्नाचं उत्तर क्लासवाले लगेच देतात, आणि ते उत्तर त्यांच्या क्लासमध्ये शिकवल्या जाणाऱ्या कोर्सचंच असतं.

त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. पुढे जे काम करायचंय त्याला कायद्याने कुणाची सही लागते? आणि ती सही मिळवायला चालू नोकरी सोडावी लागते का? फी, पुस्तकं, क्लास या गोष्टी त्यानंतर येतात.

बारावी झालेल्या मुलांसाठी हा हिशेब वेगळा आहे. अठराव्या वर्षी बुडायला पगारच नसतो, त्यामुळे सीएची वाट त्यांना तुलनेने स्वस्त पडते. पुढचं सगळं नोकरीत असलेल्या माणसासाठी आहे.

सही कुठे लागते, कुठे लागत नाही

कंपनी कायद्याखालचं वैधानिक लेखापरीक्षण फक्त प्रॅक्टिस करणारा सीए करू शकतो. आयकर कायद्याखालचं टॅक्स ऑडिटही त्याचंच. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्थेचं सदस्यत्व असल्याशिवाय हे काम करता येत नाही, मग तुमचा अनुभव वीस वर्षांचा का असेना. स्वतःची ऑडिट प्रॅक्टिस काढायची असेल तर सीएला पर्याय नाही. इथे दुसरा कुठलाही कोर्स सुचवणारा माणूस तुमचा वेळ वाया घालवतोय.

कॉस्ट ऑडिटवर, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबांच्या तपासणीवर, कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. म्हणजे १९५९ च्या कायद्याखालची, कोलकात्यात मुख्यालय असलेली आपली भारतीय सीएमए संस्था. जुने लोक अजून आयसीडब्ल्यूए म्हणतात ती हीच. कंपनी कायदा २०१३ चं कलम १४८ आणि २०१४ चे नियम सांगतात की कुठल्या उद्योगाला कॉस्ट ऑडिट लागतं. औषधं, खतं, वीज, साखर अशा नियमनाखालच्या क्षेत्रात कंपनीची एकूण उलाढाल ५० कोटी आणि त्या उत्पादनाची २५ कोटी झाली की ते लागू होतं. इतर यादीतल्या उद्योगांसाठी हे आकडे १०० कोटी आणि ३५ कोटी असे आहेत. एक बारकावा लक्षात ठेवा. हे नियम कंपन्यांसाठी आहेत, त्यामुळे खासगी कंपनीच्या साखर कारखान्याला ते लागतात, पण सहकारी साखर कारखाना कंपनी नसल्याने त्यांच्या कक्षेत येत नाही. साखरपट्ट्यात राहून कॉस्ट ऑडिटच्या प्रॅक्टिसचं गणित मांडणाऱ्यांनी हा फरक आधी बघावा.

आपल्याकडे तिसरी एक सही आहे, तिच्याकडे शहरातल्या मुलांचं लक्षच नसतं. सहकारी संस्थांच्या ऑडिटची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

कायद्याने दिलेला अधिकार कायदा काढूनही घेतो, हेही ध्यानात असू द्या. जीएसटीच्या वार्षिक ताळमेळाचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-९सी, सुरुवातीला सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटने प्रमाणित करावं लागायचं. २०२१ च्या वित्त कायद्याने ती अट काढली आणि २०२०-२१ पासून व्यापाऱ्याने स्वतःच ते प्रमाणित करायचं ठरलं. केवळ त्या कामावर प्रॅक्टिसची आखणी केलेल्यांचा हिशेब एका अर्थसंकल्पात बदलला.

आता दुसरी बाजू. कंपनीतल्या अकाउंट्स खात्यात होणाऱ्या बहुतांश कामाला कुठलीच कायदेशीर सही लागत नाही. बजेट, एमआयएस म्हणजे व्यवस्थापनासाठीचे अहवाल, कॉस्टिंग, देणी-घेणी, महिनाअखेरचं क्लोजिंग, भांडवली खर्चाचं मूल्यमापन हे सगळं बी.कॉम. झालेला माणूस करू शकतो आणि करतोही. इथे प्रमाणपत्र चाळणीचं काम करतं: तीनशे अर्जांतून तीस निवडायचे तर एचआर आधी पात्रतेचा रकाना बघतं. अमेरिकन सीएमए किंवा ब्रिटनची एसीसीए यांची भारतातली किंमत याच प्रकारची आहे. त्यांनी इथे ऑडिटवर सही करता येत नाही, पण चाळणीतून पुढे जाता येतं. तुम्हाला हवंय ते काम पहिल्या प्रकारचं की दुसऱ्या, हे एकदा ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

सीए: फी स्वस्त, आर्टिकलशिप महाग

सीएची नोंदणी आणि परीक्षा फी परदेशी कोर्सच्या तुलनेत किरकोळ आहे. अभ्याससाहित्य संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. खरा खर्च आर्टिकलशिपचा, म्हणजे सीएच्या फर्ममध्ये करायच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचा.

जुलै २०२३ पासून नवीन योजना लागू झाली. बी.कॉम.ला किमान ५५ टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीडिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, नोंदणी होते. इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के लागतात. नोंदणीनंतर आठ महिन्यांचा अभ्यासकाळ, मग इंटरचे दोन ग्रुप, प्रत्येकात तीन पेपर. दोन्ही ग्रुप निघाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप. पूर्वी ती तीन वर्षांची होती. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने थांबून फायनल, आणि त्याआधी चार ऑनलाइन मॉड्यूल स्वतःच्या गतीने पूर्ण करायची. कागदावर हे ३८ महिने होतात. निकालाची वाट, आर्टिकलशिपआधीचं आयटी आणि ओरिएंटेशनचं प्रशिक्षण, फर्म शोधण्यात जाणारा वेळ धरला तर साडेतीन वर्षांहून कमी धरू नका. तेही एकदाही नापास न होता.

आर्टिकलशिपच्या काळात दुसरी नोकरी चालत नाही. मिळतो तो स्टायपेंड, आणि छोट्या फर्ममध्ये तो तुमच्या आजच्या पगाराच्या पाव-तृतीयांश असतो. "सध्याच्या कंपनीतच करतो आर्टिकलशिप" ही कल्पनाही बसत नाही. औद्योगिक प्रशिक्षणाची सोय आहे, पण ती शेवटच्या वर्षातल्या नऊ ते बारा महिन्यांपुरती, आणि मान्यताप्राप्त मोठ्या कंपनीतच. घरावर कर्ज असेल, आई-वडील तुमच्या पगारावर असतील, तर इंटर सुटल्यावर नेमकं इथेच गाडं अडतं. इंटरचा अभ्यास नोकरी सांभाळून करणारे बरेच भेटतात. इंटर झाल्यावर राजीनामा देणारे त्या मानाने थोडे. म्हणून घरच्यांशी बोलणी इंटरच्या नोंदणीआधी करायची. निकाल लागल्यावर करायची नाही.

परीक्षेची गुणपद्धतही समजून घ्या, कारण घसरायला होतं ते तिथेच. प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, म्हणजे तीन पेपरांत ३०० पैकी १५०. तिन्ही पेपरांत ४५-४५ मिळाले तर प्रत्येक पेपर सुटला, बेरीज मात्र १३५, म्हणजे ग्रुप गेला. उलट ७०, ४५ आणि ३८ मिळाले तर बेरीज १५३ होते, पण ३८ मुळे ग्रुप गेला. मात्र दुसऱ्या बाबतीत ७० वाल्या पेपरला, ६० किंवा जास्त गुण असल्याने, सूट मिळते, म्हणजे तो पुन्हा द्यावा लागत नाही; ती सूट पुढच्या तीन प्रयत्नांत वापरता येते. म्हणून "सगळे विषय काठावर" ही तयारी सगळ्यात वाईट. प्रत्येक ग्रुपमध्ये एक पेपर ६० च्या वर नेण्यासाठी निवडायचा. हिशेबाचा रोजचा हात असलेल्यांसाठी तो सहसा लेखाशास्त्राचा किंवा करांचा असतो.

नोकरदारांचं नुकसान आणखी एका सवयीने होतं. ऑफिसात ज्या पद्धतीने काम करतो त्याच पद्धतीने ते उत्तर लिहितात. जीएसटी पोर्टलवर काय टाकायचं हे पाठ असतं, पण तरतूद काय, ती या प्रसंगाला का लागू होते आणि निष्कर्ष काय, या तीन पायऱ्यांत उत्तर लिहिण्याचा सराव नसतो. आकडा बरोबर येऊनही गुण अर्धे मिळतात. टॅलीने आपोआप होणाऱ्या नोंदी हाताने मांडायची वेळ आली की तीन तास पुरत नाहीत.

उत्तीर्णांचे टक्के कसे वाचायचे

मे २०२४ च्या सीए फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी १९.८८ टक्के उत्तीर्ण झाले. नोव्हेंबर २०२४ ला हेच प्रमाण १३.४४ टक्के होतं. जून २०२४ च्या फाउंडेशनला १४.९६ टक्के. हे आकडे बघून "पाचात एक पास होतो" असं म्हणणं बरोबर नाही. हे एका प्रयत्नाचे आकडे आहेत. तोच विद्यार्थी पुढच्या वेळी पुन्हा बसतो, त्यामुळे शेवटी सीए होणाऱ्यांचं प्रमाण यापेक्षा जास्त असतं. पण त्यासाठी लागणारा वेळही कागदावरच्या ३८ महिन्यांपेक्षा बराच जास्त असतो. तुमच्या हिशेबासाठी "मी पास होईन का" यापेक्षा "मी किती प्रयत्नांत पास होईन" हा आकडा उपयोगाचा आहे. आता परीक्षा वर्षातून तीनदा होत असल्याने एक प्रयत्न हुकला तर पूर्वीसारखे सहा महिने जात नाहीत, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. तोटा हा की नोकरदाराला अर्धवट तयारीने पुन्हा बसायचा मोह होतो.

भारतीय सीएमए: नोकरी न सोडता होतं, पण कॅलेंडर आडवं येतं

कुठल्याही शाखेच्या पदवीधराला थेट इंटरमीडिएटला प्रवेश. इंटरला आठ पेपर, फायनलला आठ, दोन्हीकडे चार-चारचे दोन ग्रुप. गुणांची अट सीएसारखीच, ४० आणि एकूण ५० टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. १५ महिन्यांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण लागतं, पण लेखा, कॉस्टिंग, वित्त अशा कामातल्या तुमच्या नोकरीचा अनुभव संस्थेच्या मान्यतेने त्यात धरला जाऊ शकतो. नोकरदाराच्या दृष्टीने सीएपेक्षा वेगळी आणि सगळ्यात मोठी गोष्ट हीच. कारखान्यात कॉस्टिंगच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला सगळ्यात नैसर्गिक अशी ही वाट आहे.

आता तास मोजू. रोज दोन तास आणि शनिवार-रविवार पाच-पाच तास धरले तर कागदावर आठवड्याला २० तास होतात. पण दर महिन्याची सात तारीख टीडीएसच्या मुदतीची, अकरा जीएसटीआर-१ विवरणाची, वीस जीएसटीआर-३बी ची. त्यात लग्नसमारंभ आणि आजारपण. प्रत्यक्षात हाती येतात १२ तास. काम करणाऱ्या माणसाला इंटरच्या एका पेपरला सरावासकट साधारण ९० तास लागतात असं धरा. चार पेपरांचा ग्रुप ३६० तासांचा, म्हणजे ३० आठवडे. दोन परीक्षांमध्ये अंतर २६ आठवड्यांचं. याचा अर्थ, एका सत्रात एक ग्रुप हेसुद्धा ओढाताणीनेच बसतं, आणि आठही पेपर एका दमात देण्याचा क्लासचा आराखडा नोकरदाराच्या कामाचा नाही.

सत्रंही गैरसोयीची पडतात. जूनच्या परीक्षेच्या शेवटच्या तयारीचे महिने एप्रिल-मे, म्हणजे वर्षअखेरचं क्लोजिंग आणि ऑडिटरच्या चौकशा. डिसेंबरच्या परीक्षेआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात टॅक्स ऑडिट आणि विवरणपत्रांच्या मुदती, वर दिवाळी. अनुभवी मंडळी म्हणूनच जूनचा अभ्यास मार्चच्या मध्यापर्यंत एकदा पूर्ण संपवतात आणि एप्रिल-मे फक्त उजळणीला ठेवतात. मार्चनंतर नवीन धडा उघडायची वेळ आली तर त्या सत्राला फॉर्म न भरलेला बरा. नोंदणीची शेवटची तारीखही परीक्षेच्या चार-पाच महिने आधीच येऊन जाते. ती हुकली की अख्खं सत्र गेलं.

अमेरिकन सीएमए आणि एसीसीए

नाव सारखं असल्याने इथे गोंधळ फार होतो. अमेरिकन सीएमए देते न्यू जर्सीतली आयएमए ही संस्था. तिचा आपल्या कोलकात्याच्या संस्थेशी संबंध नाही आणि तिच्या प्रमाणपत्रावर भारतात कॉस्ट ऑडिट करता येत नाही. जाहिरातीत नुसतं "सीएमए" लिहिलं असेल तर कुठलं, हे विचारून घ्या.

परीक्षेचे भाग दोनच. पहिला नियोजन, बजेट, कामगिरी मोजणी, अंतर्गत नियंत्रण आणि तंत्रज्ञान यांवर. दुसरा वित्त विश्लेषण, निर्णय, जोखीम आणि व्यावसायिक नीतीवर. प्रत्येक भाग चार तासांचा, उत्तीर्ण व्हायला ५०० पैकी ३६०. जानेवारी-फेब्रुवारी, मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशा तीन खिडक्या. दोन्ही भाग तीन वर्षांत संपवायचे, आणि पदवी व दोन वर्षांचा संबंधित अनुभव दाखवल्यावर प्रमाणपत्र मिळतं. एका भागाला १५० ते १७० तास हा सर्वसाधारण अंदाज. आठवड्याला १२ तास मिळत असतील तर दोन्ही मिळून सहा-सात महिने. अभ्यास इंग्रजीत वाचून समजण्याची सवय मात्र हवी, कारण बहुपर्यायी प्रश्न लांब आणि फसवे असतात.

खर्च डॉलरमध्ये. सदस्यत्व, प्रवेश फी आणि प्रत्येक भागाची परीक्षा फी वेगवेगळी. नापास झालात तर त्या भागाची फी पुन्हा. क्लासची फी लाखाच्या घरात जाते. प्रमाणपत्र मिळाल्यावरही दरवर्षी सदस्यत्व चालू ठेवावं लागतं आणि ३० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. हा कायमचा खर्च क्लासच्या माहितीपत्रकात सहसा नसतो.

याची किंमत कुठे? हिंजवडी, खराडी, मुंबई-नवी मुंबईतल्या परदेशी कंपन्यांच्या वित्त केंद्रांत, जिथे बजेट-अंदाज, अहवाल, महिनाअखेरचं क्लोजिंग अमेरिकेतल्या मुख्यालयासाठी होतं. जिथे मालक स्वतः चेकवर सही करतो अशा इचलकरंजीच्या किंवा जळगावच्या कंपनीत या प्रमाणपत्राला कुणी विचारत नाही. तिथे सीए चालतो, नाहीतर वीस वर्षांचा विश्वासू मुनीम.

एसीसीए लांबची आहे: १३ पेपर, ५० टक्क्यांना पास, ३६ महिन्यांचा अनुभव. बी.कॉम. किंवा सीए इंटर झालेल्यांना काही पेपरांची सूट मिळते, पण सूट मिळालेल्या पेपरचीही फी भरावी लागते. दुबई, मस्कतला जायचं पक्कं असेल किंवा ब्रिटनसाठी ऑडिट करणाऱ्या केंद्रात काम हवं असेल तर तिचा विचार करा. अमेरिकन सीपीए त्याहून वेगळं, तो तिथल्या राज्याचा परवाना आहे. तीन वर्षांचं बी.कॉम. तिथे किती धरलं जाईल हे मूल्यांकन करून घेतल्याशिवाय क्लासला एक रुपयाही देऊ नका.

जीडीसी अँड ए: छोट्या गावातली दुर्लक्षित सही

महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत, त्यांत गृहनिर्माण संस्थाच सगळ्यात जास्त. प्रत्येकीचं दरवर्षी ऑडिट व्हावं लागतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ खाली ते सीए करू शकतो, तसंच नामिकेवरचा, म्हणजे सहकार खात्याच्या यादीतला, प्रमाणित लेखापरीक्षकही. प्रमाणित लेखापरीक्षक म्हणजे पदवी, शासनाचा सहकार व लेखा पदविका अभ्यासक्रम म्हणजेच जीडीसी अँड ए, सहकारी संस्थांच्या ऑडिटचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असलेली व्यक्ती.

परीक्षा सहकार खात्यातर्फे वर्षातून एकदा, साधारण मे महिन्यात होते. पेपर सहा: हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराची तत्त्वं आणि व्यवस्थापन, कायदे, बँकिंग व पतसंस्था, गृहनिर्माण व इतर संस्था. मराठीतून देता येते. फी किरकोळ, नोकरी सोडायची गरज नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. एका लेखापरीक्षकाला वर्षाला वीसच संस्था घेता येतात. एक लाखापेक्षा कमी भागभांडवलाच्या संस्था त्यात धरत नाहीत. फीचे दर शासनाने ठरवलेले. म्हणजे हे जोडउत्पन्न आहे, पूर्ण चरितार्थ नव्हे. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत ऑडिट संपवायचं असल्याने सगळं काम एप्रिल ते जुलैमध्ये दाटतं. आणि नवख्यांची खरी अडचण परीक्षेनंतर सुरू होते: तीन वर्षांचा अनुभव मिळवायला एखाद्या नामिकेवरच्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली काम लागतं. ते कुणाकडे मिळेल हे परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच शोधून ठेवा. ऑडिट मेमो, अ-ब-क-ड वर्गवारी, संस्थेने द्यायचा 'ओ' नमुन्यातला दोषदुरुस्ती अहवाल हे सगळं पुस्तकातून येत नाही.

आता आकडे मांडू

पुढचे आकडे गृहीत धरलेले आहेत; तुमचे टाकून पुन्हा करा. पगार २८,००० धरू.

अमेरिकन सीएमएला सगळं मिळून सव्वादोन लाख लागले आणि पगार महिना १२,००० ने वाढला, तर १९ महिन्यांत खर्च निघतो. सीएसाठी: दोन वर्षं ८,००० स्टायपेंड, म्हणजे महिन्याला २०,००० बुडाले, एकूण ४,८०,०००. फायनलआधी सहा महिने बिनपगारी, १,६८,०००. क्लास, फी, पुस्तकं दोन लाख. एकूण ८,४८,०००. सीए झाल्यावर आजच्यापेक्षा ४५,००० जास्त मिळाले, तर तेही १९ महिन्यांतच निघतात. गंमत आहे ना?

फरक दोन ठिकाणी आहे: कमाई कधी सुरू होते आणि यशाची शक्यता किती. सीए चार वर्षांत होण्याची शक्यता निम्मी धरा, अमेरिकन सीएमए एका वर्षात होण्याची ७० टक्के. दहा वर्षांत सीएच्या वाढीव कमाईची सहा वर्षं मिळतात: ३२.४० लाख, त्याचे निम्मे १६.२०, खर्च वजा जाता सुमारे ७.७ लाख. अमेरिकन सीएमएची नऊ वर्षं: १२.९६ लाख, त्याचे ७० टक्के ९.०७, खर्च वजा जाता ६.८ लाख. जवळपास बरोबरी. तोच हिशेब पंधरा वर्षांचा केला तर सीएचे २१ लाखांवर जातात, दुसऱ्याचे १२ लाखांपर्यंत. म्हणजे चोविसाव्या वर्षी सीएचं पारडं जड आणि चाळिशीच्या जवळ, घरावर हप्ता असताना, लहान प्रमाणपत्राचं.

या गणितात एक गोष्ट सुटलीय. अर्ध्यावर थांबलात तर हातात काय उरतं? सीए इंटर आणि पूर्ण झालेली आर्टिकलशिप याला बाजारात भाव आहे. "सेमी-क्वालिफाइड" म्हणून स्वतंत्र जाहिराती निघतात. भारतीय सीएमए इंटरलाही कारखान्यांत थोडाफार भाव मिळतो. अमेरिकन सीएमएचा एकच भाग सुटला असेल तर रेझ्युमेवर एक ओळ येते, बाकी काही नाही.

पैसे भरण्याआधीची चाचणी

तीन वर्षांनी जे पद हवंय त्याच्या तीस जाहिराती नोकरीच्या संकेतस्थळांवरून गोळा करा, तुमच्याच शहरातल्या. प्रत्येकीत पात्रता काय लिहिलीय ते वहीत मांडा: फक्त सीए, सीए किंवा सीएमए, सीए इंटर, एमबीए, परदेशी प्रमाणपत्र, की नुसता बी.कॉम. आणि अनुभव. "आवश्यक" आणि "प्राधान्य" वेगळे मोजा. तीसपैकी वीस ठिकाणी बी.कॉम. आणि सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अनुभव चालत असेल, तर तुमची अडचण प्रमाणपत्राची नाही. सॅप किंवा पॉवर बीआय हे अहवाल बनवण्याचं सॉफ्टवेअर चार महिन्यांत शिकून कंपनी बदलणं जास्त फायद्याचं. सध्याच्या कंपनीत "क्वालिफाइड" लोकांची वेगळी पगारश्रेणी आहे का आणि फी परत मिळते का, हेही एचआरला विचारा. फी परत देणारी कंपनी बहुधा पुढे एक-दोन वर्षं राहण्याचं बंधपत्र मागते.

मग सहा आठवडे एकच विषय. संस्थेच्या संकेतस्थळावरून साहित्य उतरवून घ्या, पैसे भरू नका. मिळालेले तास रोज लिहा, ठरवलेले लिहू नका. सातव्या रविवारी जुना पेपर दुपारी दोन ते पाच, फोन बंद ठेवून, हाताने सोडवा आणि सुचवलेल्या उत्तरांशी ताडून कडक गुण द्या. आठवड्याची सरासरी आठ तासांच्या खाली असेल तर सोळा पेपरांची कुठलीही परीक्षा या वर्षी घेऊ नका. तास बारा आहेत आणि गुण तिशीत आले, तर काळजीचं कारण नाही. पहिल्या पेपरला तसंच होतं.

स्वतंत्र काम करायचंय, पण ऑडिट नको, फक्त विवरणपत्रं आणि हिशेब लिहिण्याचं काम पुरेसं आहे, अशांसाठी जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी आहे. वाणिज्य पदवीवर नोंदणी होते, नासिन या केंद्राच्या अप्रत्यक्ष कर प्रशिक्षण संस्थेची बहुपर्यायी परीक्षा ५० टक्क्यांनी सुटते. तालुक्याच्या गावात चाळीस-पन्नास व्यापाऱ्यांची विवरणपत्रं भरणाऱ्याला टॅक्स ऑडिटची वेळ आली की ओळखीच्या सीएकडे फाइल द्यावी लागते, एवढीच त्याची अडचण. वर्षाला किती फाइल अशा बाहेर जातात आणि त्यांची फी किती, हे तीन वर्षांचं लिहून ठेवा. सीए व्हायचं की नाही, याचा त्याच्यापुरता आकडा तोच.